पॉम्पेई: एका दिवसात, गाइडसह

प्रत्येक गोतावळ्यात एक गृहस्थ असे असतातच, की त्यांना कुठल्याही जागेचं नाव सांगितलं की ती बघायला किती दिवस लागतात हे ते लगेच सांगतात, आणि तो आकडा नेहमी आपल्या शिल्लक रजेपेक्षा मोठा असतो. पॉम्पेईचा त्यांचा आकडा तीन दिवस. रोमहून सकाळी निघायचं, दोन-अडीचशे किलोमीटर बसमध्ये डुलक्या काढायच्या, गाडलं गेलेलं एक अख्खं शहर दोन तासांत उरकायचं, पिझ्झा खायचा, दुपारी व्हेसुव्हियस चढायचा आणि रात्री पुन्हा रोमच्या हॉटेलात येऊन पडायचं, या प्रकाराला ते प्रवास मानतच नाहीत. त्यांच्या मते ही नुसती हजेरी लावणं झालं. त्यांचं आरोपपत्र तयार असतं: घाई फार, गर्दी फार, निम्मा वेळ खाण्यात, उरलेल्यातला निम्मा खरेदीत, आणि इतिहास म्हणून जे काही कानावर पडतं ते गाइडच्या तोंडून, म्हणजे थापाच. हे आरोप खोडून काढायचा माझा मुळीच विचार नाही. ते सगळे खरे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की घाई, गर्दी, खादाडी, खरेदी आणि थापा ही पाच कलमं वगळून पॉम्पेई दाखवा म्हटलं, तर दाखवायला फारसं काही उरणार नाही. ते गाव या पाच गोष्टींवरच चालत होतं. म्हणून ते पाहायची सगळ्यात प्रामाणिक रीत कुठली असेल, तर छत्री उंच धरून पुढे चालणाऱ्या गाइडच्या मागे, कानात इअरफोन खोचून, धापा टाकत काढलेला एक दिवस.

आधी पुरावा बघू. जगातली बहुतेक प्रेक्षणीय स्थळं कुणीतरी मिरवायला बांधलेली असतात. पिरॅमिड बांधवून घेणाऱ्याला लोकांनी ते बघावं असंच वाटत होतं; कोलोसियम तर बघ्यांसाठीच उभं राहिलं. पॉम्पेईचं तसं नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, तेव्हा पाहुणे येणार म्हणून कुणी घर आवरून ठेवलेलं नव्हतं. मोदेस्तुसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव तसेच राहिले. आठ तुकडे सहज मोडता यावेत म्हणून पाडलेल्या खुणांसकट त्यांचा कोळसा झाला. सतरा वर्षं आधी, ६२ साली, तिथे मोठा भूकंप झाला होता. त्यानंतरच्या दुरुस्त्या ७९ सालीही गावभर चालूच होत्या. २०२४ मध्ये उजेडात आलेल्या एका घरात तर चुन्याचे ढीग, रचून ठेवलेली कौलं आणि गवंड्यांची अवजारं जागच्या जागी सापडली. कामगार जेवायला गेले आणि परत आलेच नाहीत, असं ते दृश्य. पुण्या-मुंबईत पुनर्विकासाच्या इमारतीचा ताबा मिळायची वाट बघत भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून रोमन संस्कृतीबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागतो. मुद्दा हा, की ज्वालामुखीनं जपला तो इतिहासाचा सोहळा नव्हता, कामाच्या धबडग्यातला एक दिवस होता, आणि तोही अर्धवट राहिलेला. अर्धवट दिवस समजून घ्यायला अर्धवट सहलीइतकं योग्य साधन दुसरं कुठलं असणार?

खाण्याचंच घ्या. सहलीतल्या मंडळींचं निम्मं लक्ष जेवणाकडे असतं, अशी तक्रार आहे. पॉम्पेईकरांचं त्याहून जास्त असावं. रस्त्यावरच उघडणारी, ओट्यात मोठाले रांजण बसवलेली खाण्याची दुकानं तिथे ऐंशीच्या आसपास मोजली गेली आहेत. घराघरात स्वयंपाकघर नव्हतं. सामान्य माणूस उभ्याउभ्या खाऊन पुढे जात असे. २०२० च्या डिसेंबरात पूर्ण खणून झालेल्या अशा एका दुकानाच्या रांजणांत बदक, बकरं, डुक्कर, मासे आणि गोगलगाई यांचे अंश मिळाले. ओट्यावर साखळीनं बांधलेल्या कुत्र्याचं चित्र आहे आणि त्याच्या चौकटीवर कुणीतरी निकिया नावाच्या माणसाला एक सणसणीत शिवी कोरून ठेवली आहे. प्राचीन वास्तूवर आपलं नाव कोरणाऱ्या पर्यटकाला दंड झालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण पॉम्पेईच्या भिंतींना ही सवय नवी नाही. तिथे हजारो मजकूर आहेत: प्रेमाचे निरोप, हिशेब, ग्लॅडिएटरांच्या झुंजींच्या जाहिराती आणि निवडणुकीची आवाहनं. वातिया नावाच्या उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा पाठिंबा असल्याचं एका भिंतीवर जाहीर केलेलं आहे. हा पाठिंबा खरा की विरोधकांनी रंगवलेला, यावर अभ्यासक डोकं चालवतात. निवडणुका पाहिलेल्या मराठी माणसाला दोन्ही शक्य वाटतात. एकानं तर भिंतीवर लिहिणाऱ्यांच्या रटाळपणाची तक्रारही भिंतीवरच लिहिली आहे. अशा गावात इतिहासाचं पावित्र्य भंगू नये म्हणून जपून पावलं टाकणारा पर्यटक हा खरा परका. भुकेला, घामेजलेला आणि रांगेत पुढच्यावर वैतागलेला पर्यटक मात्र घरचा.

आता गर्दी. तीन दिवसवाल्यांना पॉम्पेई रिकामं हवं असतं. त्यांच्या डोक्यात कॅलेंडरवरचा फोटो असतो: निर्मनुष्य रस्ता, मोडके खांब, मागे निळसर डोंगर. तो फोटो कितीही सुंदर असला तरी खोटा आहे, कारण त्या रस्त्यावर दिवसाउजेडी माणूस नाही अशी वेळ ते गाव जिवंत असताना कधी आलीच नसेल. नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या व्यवस्थापनानं दिवसाला २०,००० पर्यटकांची मर्यादा घातली आणि तिकिटावर नाव छापायला सुरुवात केली. अवशेषांच्या तब्येतीसाठी हे आवश्यकच होतं. पण गंमत अशी, की जुन्या पॉम्पेईची लोकसंख्या अभ्यासक दहा ते वीस हजारांच्या दरम्यान धरतात. म्हणजे सरकारनं मर्यादा म्हणून जो आकडा ठरवला तो जवळजवळ गावच्या मूळ वस्तीएवढाच आहे. हंगामातल्या भरगच्च दिवशी पॉम्पेई पुन्हा आपल्या मापाचं होतं. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड टाकलेले आहेत, दोन दगडांच्या फटीतून गाड्यांची चाकं जात आणि त्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आजही दिसतात. रिकाम्या रस्त्यात हे दगड नुसते दगड असतात. चाळीस जणांचा एक गट इकडून आणि तेवढाच जपानी गट तिकडून आला, दोघांच्याही गाइडनी छत्र्या उगारल्या आणि आधी कोण ओलांडणार यावर नजरानजर झाली, की रोमन नगररचना अशी समजते जशी कुठल्याही ग्रंथातून समजणार नाही. बाकी धक्काबुक्कीचं म्हणाल, तर ५९ साली तिथल्या अँफिथिएटरमध्ये पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुचेरियाचे लोक यांच्यात खेळ बघताना अशी दंगल पेटली की रोममधून दहा वर्षं खेळांवर बंदी आली. त्या मानानं तिकिटाच्या रांगेत घुसणारा आपला सहप्रवासी म्हणजे संतमाणूस.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. गाव सुमारे ६६ हेक्टरचं. दोन तासांत त्यातलं किती बघणार? थोडं. पण मग पूर्ण कुणी बघितलंय? उत्खनन १७४८ मध्ये सुरू झालं आणि आजही साधारण तिसरा हिस्सा मातीखालीच आहे. ज्यांनी सुरुवात केली त्यांना आपण पॉम्पेई खणतोय हेही ठाऊक नव्हतं; ते याला शेजारचं स्ताबिए समजत होते. १७६३ मध्ये एक शिलालेख सापडला तेव्हा गावाचं नाव कळलं. म्हणजे राजाश्रय, मजूर आणि पंधरा वर्षं हाताशी असूनही जे कळलं नाही ते आपल्या सहलीतल्या माणसाला बस सुटायच्या आधीच कागदावर छापून मिळालेलं असतं. शिवाय जे बघायचं ते सगळं तिथे आहे कुठे? सिकंदराच्या लढाईचं ते विख्यात मोझेक जिथे सापडलं, त्या हाउस ऑफ द फॉनच्या जमिनीवर त्याची नक्कल आहे. अस्सल मोझेक नेपल्सच्या संग्रहालयात. उत्तमोत्तम भित्तिचित्रंही तिथेच. त्यामुळे तीन दिवस राहणाऱ्यालाही गाव अपुरंच दिसतं, फक्त जास्त पायपीट करून. पहिल्या श्रीमंत घराचं अंगण, पावसाचं पाणी साठवायचा हौद आणि मागची बाग पाहून माणूस थक्क होतो. चौथ्या घरात तो सावली शोधतो. विसाव्या घरात तो हौदाच्या काठावर बसून, आपण रोमन असतो तर इतक्या हौदांचं काय केलं असतं, याचा विचार करू लागतो. अभ्यासकाची गोष्ट वेगळी, त्याला तीन दिवसच काय, तीस वर्षंही पुरायची नाहीत. पण सामान्य माणसाच्या कुतूहलाला पोटासारखीच मर्यादा असते, आणि ती ओळखून आखलेला कार्यक्रम उथळ ठरत नाही.

चौथा आक्षेप गाइडच्या थापांचा. मुख्य रस्त्यावरच्या फरशीत एक शिश्न कोरलेलं आहे. गाइड गटाला थांबवतो, आवाज खाली आणतो आणि सांगतो, की हा वेश्यागृहाकडे जाणाऱ्या वाटेचा बाण. गटातल्या काकू पटकन पर्समध्ये काहीतरी शोधू लागतात आणि काका अचानक इतिहासात रस घेतात. अभ्यासकांचं म्हणणं, की असली चिन्हं नजर लागू नये आणि भरभराट व्हावी म्हणून रोमन लोक जागोजागी कोरत. म्हणजे गाइड चुकला. बरं, पण विद्वान कुठे कायम बरोबर होते? स्फोट २४ ऑगस्टला झाला, हे पिढ्यान् पिढ्या पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. घरांत शरद ऋतूतली फळं आणि शेगड्या सापडत होत्या तरी तारीख हलली नाही. मग २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्यावरची तारीख मिळाली आणि आता बरेच जण स्फोट ऑक्टोबरात झाला असं मानू लागले. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या मांडीवरचं मूल म्हणून स्फोटातल्या मृतांचा जो प्लास्टरचा ठसा पन्नास वर्षं दाखवला जात होता, त्याची २०२४ मध्ये डीएनए तपासणी जाहीर झाली. ती आई नव्हे, पुरुष निघाला, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातंही नव्हतं. तेव्हा थापांच्या बाबतीत गाइड आणि पंडित यांच्यातला फरक टिकाऊपणाचा आहे. गाइडची थाप बसमध्ये परतेपर्यंत टिकते; पंडिताची टिपांसह छापली जाते. आणि गाइडच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, ओळखदेख नसलेल्या माणसांत उन्हात उभ्या असलेल्या चाळीस जणांचा जीव गुंतवायचा, हे काम तो रोज करतो. ते नुसत्या खऱ्या माहितीवर होत नाही.

वेश्यागृहाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगितलं पाहिजे, कारण सहलीतली सगळ्यात लांब रांग तिथेच असते. दहा कोंदट खोल्या, दगडी बिछाने आणि भिंतीवर झिजलेली चित्रं. देवळं रिकामी, न्यायसभा रिकामी आणि इथे रांग. यावरून पर्यटकांची अभिरुची काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की पॉम्पेईतल्या असल्या वस्तूंचं आकर्षण राजेरजवाड्यांनाही होतं. फक्त त्यांनी त्या कुलुपात ठेवल्या. नेपल्सच्या संग्रहालयातलं हे 'गुप्त दालन' अनेकदा बंद झालं, उघडलं, पुन्हा बंद झालं आणि २००० साली कायमचं खुलं झालं. मराठी माणसानं त्या दालनात जरूर डोकवावं, आणि तेही मान ताठ ठेवून, कारण तिथे आपल्या गावाकडचं एक पाहुणं आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची वीतभराहून थोडी मोठी स्त्रीमूर्ती सापडली. दागिने भरपूर, वस्त्रं बेताची, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बहुतेक अभ्यासक ती यक्षी असावी असं मानतात. तिच्याशी जुळणारे नमुने जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाले आहेत. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखात घडली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरातून रोमन व्यापाऱ्यांबरोबर गेली, हा तर्क चांगलाच सबळ आहे. खरेदीत वेळ घालवणाऱ्यांना नाक मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा. पॉम्पेईतल्या कुण्या हौशी माणसानं दूरदेशची एक शोभेची वस्तू विकत घेतली, घरी आणून ठेवली, आणि मराठवाडा व इटली यांच्या नात्याचा आज दाखवता येईल असा सुंदर पुरावा त्याच्या त्या खरेदीनंच मागे ठेवला. तेव्हा फाटकाबाहेरच्या दुकानातून लिमॉन्चेल्लोची बाटली किंवा तोर्रे देल ग्रेको गावचं शंखात कोरलेलं पदक घेणाऱ्यांना गाडीत हसू नये. पुढच्या उत्खननाची सोय कुणीतरी करायलाच हवी.

दुपारी व्हेसुव्हियस. इथे निराशेची तक्रार सार्वत्रिक असते. बस सुमारे हजार मीटरपर्यंत नेते, तिथून वेळ ठरवून काढलेलं तिकीट दाखवून भुसभुशीत राखट वाटेनं अर्धा तास चढायचं, १,२८१ मीटरच्या डोंगराच्या माथ्याजवळ कठड्याला टेकायचं आणि खाली बघायचं. खाली सुमारे तीनशे मीटर खोल करडा खड्डा. भिंतीच्या एखाद्या फटीतून आळसावलेली वाफ. उकळत्या लाव्ह्याच्या अपेक्षेनं आलेला माणूस कठड्यावर असा उभा राहतो, जणू त्याला कुणीतरी फसवलंय. महाराष्ट्रातून आलेल्याची फसवणूक दुप्पट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार घडलं. सह्याद्री म्हणजे तोच थिजलेला लाव्हा, अजिंठा-वेरूळ त्यातच कोरलेली, गडकोट त्यावरच बांधलेले. शाळेच्या सहलीपासून आपण ज्वालामुखीच्याच दगडावर बसून डबा खात आलो, आणि आता तसलाच काळा खडा युरो मोजून स्मरणवस्तू म्हणून विकत घेतो. पण याच निराशेत त्या डोंगराचा सगळा धडा आहे. ७९ सालीही तो असाच बिनधोक दिसत होता. उतारावर द्राक्षमळे होते. दीडशे वर्षं आधी गुलामांच्या बंडाचा नेता स्पार्टाकस आणि त्याचे साथीदार त्यावर लपले होते. भूगोलकार स्ट्राबोनं माथ्यावरचे जळके खडक पाहून इथे पूर्वी आग असावी असं नोंदवलं होतं, पण शेतकऱ्याला भूगोलकाराचं ऐकायला सवड कधी असते! जो ज्वालामुखी बघून पर्यटकाला कंटाळा आला त्याला पॉम्पेईकरांची मनःस्थिती अचूक कळली.

आणि कंटाळून पाठ फिरवली की खरं दृश्य दिसतं. खाली नेपल्सचा उपसागर आणि डोंगराच्या पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंत घरंच घरं. सर्वाधिक धोक्याच्या 'रेड झोन'मध्ये आज सुमारे सात लाख माणसं राहतात, आणि स्फोटाची चिन्हं दिसताच त्यांना ७२ तासांत हलवायची सरकारी योजना कागदावर तयार आहे. तिथल्या प्रांतिक सरकारनं २००३ च्या सुमारास बाहेर घर घेणाऱ्या कुटुंबांना ३०,००० युरोपर्यंत मदत देऊ केली. डोंगर हलला नाही आणि लोकही. डोंगराचं शेवटचं फुटणं १९४४ च्या मार्चमधलं. ऐन महायुद्धात त्यानं पायथ्याची गावं उद्ध्वस्त केली आणि जवळच्या तळावरच्या अमेरिकी बाँबफेकी विमानांवर राखेचा मारा करून ती निकामी केली. कुठल्या बाजूनं लढायचं याचा त्यानं फार विचार केल्याचं दिसत नाही. त्याच तडाख्यात डोंगरावरची दोरानं ओढली जाणारी रेल्वेही संपली. ती १८८० मध्ये सुरू झाली, तिच्या जाहिरातीसाठी रचलेलं गाणं जगभर गाजलं आणि पुढे सहलींचा धंदा करणाऱ्या थॉमस कुकच्या कंपनीनं ती विकत घेतली. आपली रोजी बुडाली म्हणून स्थानिक गाइडांनी तिच्याशी भांडण मांडलं होतं. त्याआधी खुर्चीत बसवून पर्यटकांना वर वाहून नेणारे हमाल होते. चार्ल्स डिकन्स १८४५ मध्ये गेला तेव्हा त्याच्या लवाजम्यातही ते होते. तेव्हा आयोजित सहलीनं व्हेसुव्हियस बिघडवला, असं म्हणणाऱ्यांनी ती नेमकी कधी नव्हती हे सांगावं.

मी तर म्हणतो, या सहलीचा आद्य पुरुष थेट ७९ सालीच सापडतो. थोरला प्लिनी हा मिसेनम इथल्या रोमन आरमाराचा प्रमुख आणि निसर्गाविषयी ३७ खंडांचा ग्रंथ लिहिणारा चौकस माणूस. डोंगराच्या बाजूला छत्रीसारख्या पसरणाऱ्या पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग चढतोय असं कळताच त्यानं जवळून बघण्यासाठी हलकी होडी काढायला सांगितली आणि सतरा वर्षांच्या भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, मला अभ्यास आहे. निघता निघता किनाऱ्यावर अडकलेल्या एका बाईची चिठ्ठी आली, तेव्हा मामानं होडी सोडून मोठी जहाजं काढली आणि बघायला निघालेला माणूस वाचवायला गेला. हे त्याचं मोठेपण. पण बाकीचा कार्यक्रम बघा. वाटेत तो दिसेल त्याची टिपणं सांगत होता. स्ताबिएला मित्राकडे उतरल्यावर त्यानं स्नान केलं, हसतखेळत जेवण केलं, डोंगरावरच्या ज्वाळा म्हणजे शेतकऱ्यांनी पळताना पेटत्या सोडलेल्या चुली असं सांगून मंडळींना धीर दिला आणि बाहेर ऐकू जाईल इतका घोरत झोपला. प्रेक्षणीय स्थळ, जहाज, स्नान, जेवण, गाइडची थाप आणि डुलकी. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत याहून वेगळं काय असतं? सकाळी सगळे डोक्याला उशा बांधून किनाऱ्यावर गेले, समुद्र खवळलेला होता, आणि प्लिनी तिथेच कोसळला. ही हकीकत आपल्याला कळली ती भाच्यानं नंतर इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांमुळे. जो गेला नाही त्यानंच सगळ्यात चांगलं लिहिलं, ही घरबसल्या प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांना दिलासा देणारी गोष्ट आहे.

आता शेवटचा आक्षेप, आणि याला हसून उत्तर देता येत नाही. तिथे माणसं मेली. त्यांच्या देहांनी राखेत सोडलेल्या पोकळ्यांत पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीनं १८६३ मध्ये प्लास्टर ओतलं आणि त्यांचे शेवटचे क्षण आपल्यासमोर आणले. काचेच्या पलीकडे गुडघे छातीशी घेतलेला माणूस बघून अर्ध्या तासात पिझ्झा कसा खाववतो? काचेला पाठ करून हसतमुखानं स्वतःचा फोटो काढणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण मरणापुढे किती वेळ थांबावं, याचं पॉम्पेईकरांनी स्वतः दिलेलं एक उत्तर वेशीबाहेरच आहे. त्यांनी आपल्या थडग्यांची रांग गावाबाहेर आडबाजूला न मांडता येण्याजाण्याच्या हमरस्त्याला लागून मांडली, आणि त्यातल्या काही थडग्यांना वाटसरूंनी टेकावं म्हणून अर्धगोल दगडी बाकं बांधली. आल्यागेल्यानं जरा बसावं, नाव वाचावं, दम खावा आणि वाटेला लागावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या अपेक्षेत एकदिवसीय सहल तंतोतंत बसते.

राहता राहिली ती गोष्ट, जिच्यावर सहलींचे टीकाकार सगळ्यात जास्त चिडतात: अमुक वाजता बसपाशी या, ही गाइडची आज्ञा. स्वतंत्र प्रवास करणाऱ्याला हा अपमान वाटतो. पण पॉम्पेईचा पुरावा इथे सगळ्यात स्पष्ट आहे. स्फोटानंतर पहिले सुमारे अठरा तास आकाशातून हलके सच्छिद्र दगड पडत होते. जाळून टाकणारे लोट दुसऱ्या दिवशी पहाटे-सकाळी आले. गावात आजवर हजाराहून थोडे अधिक लोकांचे अवशेष मिळालेत, म्हणजे बरेच जण वेळेत निघाले असावेत. जे मागे राहिले त्यांच्याजवळ दागिने, नाणी, घराच्या किल्ल्या मिळाल्या. शेजारच्या हर्क्युलेनियमला सुमारे तीनशे माणसं किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कोठारांत सुटकेची वाट बघताना सापडली. प्लिनीकडे जहाजं होती, ज्ञान होतं, टिपणं घेणारा लेखनिक होता. नव्हती फक्त परतीची ठरलेली वेळ. अठराव्या शतकापासून ज्वालामुखीशास्त्रानं बरीच मजल मारली, १८४१ पासून व्हेसुव्हियसवर वेधशाळा बसली, पण सामान्य माणसाच्या हाती त्या डोंगराविरुद्ध आलेलं एकमेव खात्रीचं साधन म्हणजे निघायची वेळ आधी सांगून ठेवणारा गाइड. पॉम्पेईकर करत होते ते सगळं आपण दिवसभर करावं: खावं, घासाघीस करावी, रांगेत भांडावं, थापा ऐकाव्यात, डोंगराकडे दुर्लक्ष करावं. फक्त त्यांनी जे केलं नाही ते करावं, म्हणजे सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी बसमध्ये जाऊन बसावं. खिडकीची जागा मिळते, हा वरचा फायदा.